विश्लेषण : साठ किलोमीटरची खेप अन् दिवसभराची रांग… कंटेनर वाहतुकीचे घोडे अडते कुठे?

न्हावा शेवा बंदरातून निघालेल्या कंटेनरला भिवंडीच्या गोदामापर्यंत पोहोचायला साधारण ६० ते ६५ किलोमीटर कापावे लागतात. रस्ता मोकळा मिळाला तर हे दोन-अडीच तासांचे काम. प्रत्यक्षात या मार्गावरच्या ट्रेलरची अनेकदा दिवसाकाठी एकच खेप होते, कधी तीही दुसऱ्या दिवसावर जाते. गेल्या दहा वर्षांत या वाहतुकीत तंत्रज्ञान भरपूर आले. कंटेनरवर आरएफआयडी टॅग लागले, टोलनाक्यावर फास्टॅग आला, सप्टेंबर २०२५ मध्ये बंदरात विजेवर चालणाऱ्या ५० अवजड ट्रकांचा ताफाही दाखल झाला. तिकडे गणेशपुरीच्या शेजारी अकलोलीपर्यंत नव्या द्रुतगती महामार्गाचा फाटा येतो आहे. तरीही खेपा का वाढत नाहीत, हा प्रश्न उरतोच.

गणेशपुरीचा याच्याशी काय संबंध?

नित्यानंद स्वामींची समाधी आणि गरम पाण्याची कुंडे ही गणेशपुरीची ओळख. भिवंडी तालुक्याच्या उत्तर टोकाला, तानसा नदीकाठचे हे गाव गोदामांच्या पट्ट्यापासून दूर वाटते. पण तो पट्टा आता जागेवर राहिलेला नाही. मुंबईचा जकात नाका ओलांडण्याआधी माल उतरवायचा, या हिशेबातून माणकोली, दापोडे, पूर्णा, काल्हेर, राहनाळ, वळ या गावांत भातशेतीच्या जागी गोदामे उभी राहिली. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला आणि जकात गेली. गोदामे मात्र गेली नाहीत, उलट आकाराने वाढली आणि पडघा, वडपे या दिशेने सरकत गेली. भिवंडी-वाडा रस्त्यालगत कुडूसपर्यंत कारखाने आहेत. त्यांचा माल घेऊन बंदराकडे जाणारे ट्रेलर गणेशपुरी फाट्याच्या अलीकडे, अंबाडी नाक्यावरून जातात. पश्चिमेकडून अहमदाबाद महामार्ग सोडून शिरसाड-वज्रेश्वरी रस्त्याने येणारी अवजड वाहनेही इथेच मिळतात.

यात आता दोन गोष्टींची भर पडणार आहे. मुंबई-वडोदरा द्रुतगती महामार्गाचा शिरसाड ते अकलोली हा फाटा गणेशपुरीच्या कुशीतच येतो आणि याच महामार्गाची दुसरी बाजू बदलापूर, मोरबेमार्गे न्हावा शेवाकडे वळते. दुसरी गोष्ट वाढवण बंदर. ऑगस्ट २०२४ मध्ये त्याची पायाभरणी झाली. मच्छीमारांचा विरोध कायम असताना सुमारे ७६ हजार कोटींचा हा प्रकल्प पुढे सरकतो आहे. तो पूर्ण झाला तर भिवंडीचा कंटेनर आज जसा दक्षिणेकडून येतो तसा उद्या उत्तरेकडूनही येईल. गणेशपुरी या दोन बंदरांच्या मधोमध सापडेल.

एका खेपेत नेमके काय होते?

आयात मालाचे उदाहरण घेऊ. जहाज कंपनीने माल सोडण्याचे पत्र दिले, सीमाशुल्क विभागाची मंजुरी आली, गेट पास निघाला की वाहतूकदार ट्रेलर पाठवतो. ट्रेलर म्हणजे पुढचे इंजिनाचे डोके, ज्याला या धंद्यात ‘घोडा’ म्हणतात, आणि मागचा सांगाडा. बंदरात किंवा सीएफएसमध्ये, म्हणजे बंदराबाहेरच्या कंटेनर यार्डात, रांगेत लागून कंटेनर चढवायचा. मग कळंबोली, तळोजा, शिळफाटा, मुंब्रा बायपास या वाटेने माणकोली गाठायची. गोदामात धक्का मोकळा होण्याची वाट पाहायची. हमालांनी माल उतरवला की खेप संपली असे वाटेल, पण ती अर्धीच झालेली असते. रिकामा कंटेनर जहाज कंपनी सांगेल त्या यार्डात, बहुधा पुन्हा उरण-पनवेल पट्ट्यात, नेऊन द्यायचा. तिथे कंटेनरची तपासणी होते, कुठे पोचा, कुठे भोक आहे का याची नोंद होते, पावती मिळते. ती हातात आली की घोडा दुसऱ्या भाड्याला मोकळा.

या साखळीत चाके फिरतात ते चार-पाच तास. बाकी वेळ पाच ठिकाणच्या रांगांत जातो : बंदर, वाहतूक पोलिसांचा बंदीचा काळ, गोदामाचे फाटक, गोदामाचा धक्का, रिकाम्या कंटेनरचे यार्ड. सुमारे चौदाशे किलोमीटरच्या दिल्ली खेपेत सहा तासांची रांग प्रवासात मुरते. साठ किलोमीटरच्या खेपेत ती रांगच मुख्य प्रवास ठरते. जवळच्या कंटेनर वाहतुकीचे कोडे इथे आहे. लोक रस्ता आणि गाडी पाहतात, पण हा धंदा रांगेवर चालतो.

मग हा माल रेल्वेने का जात नाही?

एका मालगाडीवर साधारण ९० टीईयू चढतात. टीईयू म्हणजे वीस फुटी कंटेनरचे एकक, चाळीस फुटी एक कंटेनर म्हणजे दोन टीईयू. एवढे डबे भरेपर्यंत थांबायचे, साठ किलोमीटरवर उतरवायचे आणि तिथून गोदामापर्यंत पुन्हा ट्रेलरच लावायचा, हे परवडत नाही. पश्चिम समर्पित मालवाहतूक मार्गाचा सर्वांत शेवटी राहिलेला वैतरणा ते जेएनपीटी हा टप्पा भिवंडी तालुक्यातील खारबावजवळून जातो, पण तो दादरीपर्यंतच्या लांब मालासाठी आहे. जेएनपीएने २०२४-२५ मध्ये सुमारे ७३ लाख टीईयू हाताळले. म्हणजे दिवसाला सरासरी २० हजार. त्यातला बहुतांश माल रस्त्यानेच आत-बाहेर होतो.

थांबण्याचा खर्च कोणाच्या खिशातून जातो?

कंटेनर बंदरात ठरलेल्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहिला तर बंदर भाडे लावते. कंटेनर वेळेत परत आला नाही तर जहाज कंपनी दिवसागणिक डिटेन्शन लावते. माल उतरवणाऱ्या हमालांच्या मजुरीला १९६९ च्या माथाडी कायद्याचा आधार आहे. टोलनाका आपला टोल कापून घेतो. या सगळ्या साखळीत ज्याच्या वेळेला छापील दर नाही असा एकच घटक आहे, तो म्हणजे उभा ट्रेलर आणि त्यात बसलेला चालक.

मोठ्या कंपन्यांच्या करारात ‘हॉल्टिंग’चे कलम असते हे खरे. पण ते बहुधा २४ तासांसारख्या मुदतीनंतर लागू होते आणि करार ज्याच्याशी झाला तो मोठा वाहतूकदार प्रत्यक्ष गाडी पाठवत नाही. तो ती बाजारातून लावतो. एक-दोन ट्रेलरच्या मालकापर्यंत कामाची साखळी पोहोचते, हॉल्टिंगचे पैसे वाटेतच झिरपून जातात. त्याला ठरतो तो खेपेचा दर. गाडी चार तासांत मोकळी झाली काय आणि चौदा तासांत झाली काय, रक्कम तीच.

समजा, महिन्याला २६ दिवस गाडी चालते आणि रोज एकच खेप होते. कर्जाचा हप्ता, विमा, कर, चालकाचा पगार हा सारा ठरावीक खर्च २६ खेपांवर वाटला जातो. रांगा आटोक्यात येऊन खेपा ४० झाल्या तर प्रत्येक खेपेवरचा हा बोजा एक तृतीयांशाहून जास्त उतरतो, आणि त्यासाठी भाडेवाढ लागत नाही, डिझेल स्वस्त व्हावे लागत नाही. उलट बाजूने पाहिले तर भाडे परवडत नसले की मालक टायर घासेपर्यंत चालवतो, जुनी गाडी बदलत नाही, क्लीनर ठेवत नाही. लांब पल्ल्यातून निवृत्त झालेली गाडी बंदराच्या कामाला लावायची, ही जगभरातली रीत आहे आणि ती अशा हिशेबातूनच आली आहे.

कायदाही या बाबतीत एकाच बाजूला बोलतो. माल हरवला, बिघडला किंवा ठरल्यापेक्षा उशिरा पोहोचला तर वाहतूकदाराची जबाबदारी काय, याची चर्चा २००७ च्या कॅरेज बाय रोड कायद्यात आहे. माल उतरवून घ्यायला उशीर करणाऱ्याचे काय, हे मात्र दोघांच्या करारावर सोडले जाते, आणि एका ट्रेलरच्या मालकाने गोदामवाल्याशी करार करायचा म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. चालकांसाठीचा १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होता. त्यात कामाचे तास दिवसाला आठ, आणि थांब्यावरची ‘नुसती हजेरी’ कामात धरली जायची ती पंधरा मिनिटांपेक्षा कमी असेल तेव्हा. एसटी बसच्या फलाटाला साजेशी ही व्याख्या. गोदामाच्या फाटकावर सात तास स्टिअरिंगमागे बसलेला माणूस काम करतो आहे की विश्रांती घेतो आहे, याचे उत्तर तिच्यात सापडत नाही. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने हा कायदा आपल्यात सामावून घेतला. छोट्या मालकाच्या गाडीवरचा चालक आणि स्वतःच गाडी चालवणारा मालक मात्र व्यवहारात आजही हिशेबाबाहेरच आहे. दिवसभर असा बसलेला चालक रात्री अकराला बंदी उठताच मुंब्रा बायपासच्या उतारावर येतो, ही बाब अपघाताच्या बातमीत सहसा येत नाही. तिथे येते ती ‘भरधाव ट्रेलर’ एवढीच.

दिवसाच्या बंदीमुळे रांगा वाढतात का?

ठाण्यात अवजड वाहनांना दिवसा बंदी आणि दुपारचे काही तास व रात्री मुभा, अशी पद्धत वर्षानुवर्षे चालत आली आहे. वेळा अधूनमधून बदलतात. शहरातल्या लोकांची बाजू खोटी नाही. घोडबंदर रोडवर किंवा माजिवड्याला तासभर अडकलेल्या माणसाला ट्रेलर नको असतो. पण बंदीने ट्रेलर कमी होत नाहीत, ते साठतात. धरणाचे दार उघडावे तसे रात्री सगळे एकदम सुटतात आणि पहाटे गोदामाच्या चार धक्क्यांपुढे चाळीस गाड्या उभ्या राहतात. मग गोदामवाला म्हणतो, सगळे एकदम आले तर उतरवू कसे? त्याचेही खरे असते. त्यातून अनेक गोदामे परवानग्यांविना उभी राहिलेली. तो विषय न्यायालयापर्यंत गेला. आवारात ट्रेलर वळवायला जागाच न सोडल्याने गाडी उभी राहते ती रस्त्यावर, आणि रस्त्यावरच्या गाडीला येते ई-चलान.

जुलै २०२५ च्या सुरुवातीला राज्यातल्या मालवाहतूकदारांनी बंद पुकारला तेव्हा ई-चलानचा दंड, क्लीनरची सक्ती आणि शहरांतल्या बंदीच्या वेळा हे मुद्दे पुढे होते. गाडी जिथे उभी करायला भाग पाडले जाते तिथेच उभी केल्याचा दंड, ही त्यातली तक्रार ऐकायला साधी वाटते. ती रांगेच्या अर्थशास्त्राची तक्रार आहे.

पार्किंग वाढवले तर प्रश्न सुटेल?

थोडा सुटतो. जेएनपीएने ४५ हेक्टरवर केंद्रीय पार्किंग प्लाझा उभारला. तिथे सुमारे दीड हजार ट्रेलर थांबू शकतात, कागदपत्रांची तपासणीही तिथेच होते. त्याआधी हीच रांग उरणच्या रस्त्यांवर असायची, त्यामुळे फरक मोठा आहे. पण रांगांच्या गणितात लिटिलचा नियम नावाची एक साधी गोष्ट आहे. एका वेळी उभ्या गाड्यांची संख्या म्हणजे तासाला येणाऱ्या गाड्या गुणिले प्रत्येकीचे थांबण्याचे तास. समजा, दिवसाला ६ हजार गाड्या येतात, म्हणजे तासाला २५०, आणि प्रत्येक गाडी सहा तास थांबते. मग कुठल्याही क्षणी दीड हजार गाड्या उभ्या असणारच, त्या प्लाझात असोत की रस्त्यावर. थांबणे चार तासांवर आणले तर पाचशे जागा एक घमेले काँक्रीट न ओतता मोकळ्या होतात. पार्किंगमुळे रांगेला छप्पर मिळते, स्वच्छतागृह मिळते, आणि ते मिळायलाच हवे. रांग मात्र तेवढीच राहते.

विजेचे ट्रक हा उपाय नाही का?

वरवर पाहता याहून योग्य काम नाही. अंतर कमी, मार्ग ठरलेला, रात्री गाडी ठरल्या जागी परत. न्हावा शेवात तर बॅटरी बदलून देणारे केंद्रही सुरू झाले आहे. केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत जुलै २०२५ पासून विजेच्या ट्रकसाठी जास्तीत जास्त ९ लाख ६० हजार रुपयांचे प्रोत्साहन आहे, देशभरात सुमारे ५,६०० गाड्यांसाठी. त्याला जुना ट्रक भंगारात काढल्याच्या प्रमाणपत्राची अट आहे.

पण विजेच्या ट्रकचा खर्च डिझेलच्या उलटा असतो. घेताना महाग, चालवताना स्वस्त. हप्ता घड्याळावर चालतो आणि बचत किलोमीटरवर होते. जाऊन-येऊन १३० किलोमीटरची एक खेप धरली तर महिन्याला सुमारे ३,४०० किलोमीटर होतात, दोन खेपा झाल्या तर ६,८००. पहिल्या हिशेबात महाग गाडी फाटकावर उभी राहून हप्ते खाते, दुसऱ्यात ती डिझेलला मागे टाकू शकते. म्हणूनच हे ट्रक आधी बंदराच्या आतल्या कामात आले, तिथे फेऱ्या भरपूर आणि वेळ मालकाच्या हातात. भिवंडीच्या रांगेत ते यायचे असतील तर आधी रांग आखडावी लागेल. अनुदान दुप्पट केले तरी हे गणित फारसे हलत नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या ट्रकच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचे झाले, ते चालकासाठी चांगलेच. पण तासन् तास उभ्या गाडीत ते चालवायचे तर इंजिन सुरू ठेवावे लागते, हा खर्चही कोणाच्या दरात बसवलेला नाही.

रिकामा कंटेनर उलटसुलट का फिरतो?

गणेशपुरीच्या बाजूने पाहिले की हा प्रकार सर्वांत स्पष्ट दिसतो. भिवंडीत आयात माल उतरवून रिकामा झालेला कंटेनर दक्षिणेला उरणकडे जातो. त्याच दिवशी वाड्याकडच्या कारखान्याला निर्यातीसाठी रिकामा कंटेनर हवा असतो. तो उरणहूनच निघून भिवंडी पार करून अंबाडीमार्गे वर येतो. दोन्ही रिकामे कंटेनर वाटेत एकमेकांना ओलांडतात. भिवंडीत रिकामा झालेला कंटेनर थेट वाड्याला नेला तर रिकाम्या फेऱ्यांचे शंभराच्या वर किलोमीटर वाचतील, यार्डातली एक रांगही वाचेल.

हे जमत नाही याची कारणे तांत्रिक कमी आणि व्यवहारातली जास्त आहेत. दोन्ही मालांची जहाज कंपनी एकच असावी लागते. कंटेनर धड आहे का, हे यार्डाऐवजी गोदामात कोण तपासणार, हा प्रश्न असतो. आणि मुख्य म्हणजे भिवंडीत कोणता कंटेनर किती वाजता रिकामा होणार, हे कोणालाच आधी ठाऊक नसते. २०१६ मध्ये जेएनपीटीपासून सुरू झालेल्या लॉजिस्टिक डेटा बँकेत कंटेनर बंदरातून, सीएफएसमधून, टोलनाक्यावरून कधी गेला ते दिसते. खासगी गोदामाच्या फाटकावर मात्र टॅग वाचणारे यंत्र सहसा नसते. माग काढणारी एवढी मोठी व्यवस्था नेमकी शेवटच्या शंभर मीटरवर आंधळी होते आणि सर्वाधिक वेळ तिथेच जातो.

इतरत्र काय केले?

लॉस एंजेलिस आणि लाँग बीच या जोड बंदरांनी २००५ मध्ये रात्रीचे दरवाजे उघडले आणि दिवसा कंटेनर नेणाऱ्यावर शुल्क लावले. शुल्क मालवाल्यावर होते, ट्रकवाल्यावर नाही, हे त्यातले महत्त्वाचे. पुढे २०१८ मध्ये ती पद्धत बदलून वेळ आरक्षित करण्यावर भर आला. भिवंडीला अधिक जवळचे उदाहरण सिडनीच्या पोर्ट बॉटनीचे आहे. तिथे २०१०-११ पासून न्यू साऊथ वेल्स सरकारने नियमच केला. ट्रक आरक्षित वेळेला आला नाही तर वाहतूकदाराने दंड भरायचा आणि वेळेवर आलेल्या ट्रकला ठरलेल्या मुदतीत मोकळे केले नाही तर टर्मिनलने वाहतूकदाराला पैसे द्यायचे. दोन्हीकडून दंड असल्याने दोघेही घड्याळ पाहू लागले. आपल्याकडे आरक्षणाची चर्चा होते तेव्हा बहुधा पहिला अर्धा भागच उचलला जातो. उशिरा येणाऱ्या चालकाला शिक्षा होते, उशिरा सोडणाऱ्याला काहीच होत नाही. तशी व्यवस्था आली तर छोट्या मालकाचे ओझे वाढेल, कमी होणार नाही.

भिवंडीत सुरुवात कुठून करता येईल?

गोदामाच्या फाटकापासून. गाडी फाटकावर आली ती वेळ आणि रिकामी बाहेर पडली ती वेळ यांची यंत्रावर नोंद, एवढे एक काम झाले तरी वाद पुष्कळ मिटतील. त्यासाठी नवे यंत्र शोधायचे नाही. ट्रेलरवर फास्टॅग आहे आणि तो वाचणारी साधने आज मॉलच्या पार्किंगमध्येही दिसतात. नोंद झाली की ठरावीक तासांनंतरचे थांबणे बिलात येऊ शकते, आणि ते पैसे गाडीच्या प्रत्यक्ष मालकाला मिळावेत अशी अट मोठे माल पाठवणारे आपल्या करारात घालू शकतात. भिवंडीतली गोदामे वापरणाऱ्यांत देशातल्या मोठ्या ई-कॉमर्स आणि ग्राहकोपयोगी कंपन्या आहेत, त्यांच्या एकूण खर्चात ही रक्कम नगण्य ठरावी. वाहतूक पोलिसांच्या बंदीच्या वेळा आणि गोदामांच्या पाळ्या एकाच टेबलावर बसून ठरवल्या तर पहाटेची गर्दीही विभागता येईल. आज एक खाते दार बंद करते आणि दुसरे उघडते, मधल्या तासांचा हिशेब कोणीच ठेवत नाही.

वाहतूकदारांनाही यात सवयी बदलाव्या लागतील. कागद पूर्ण व्हायच्या आधी गाडी रांगेत घालून नंबर धरून ठेवायचा, हा प्रकार सर्रास चालतो आणि त्याने रांग खोटी लांबते. थांबण्याचे पैसे मागणाऱ्याला वेळेवर येण्याची हमी द्यावीच लागेल.

अकलोलीचा फाटा सुरू होईल तेव्हा गणेशपुरी परिसरात गोदामांसाठी जमिनींचे व्यवहार वाढणे स्वाभाविक आहे. माणकोली-वळ पट्ट्यात आधी गोदामे झाली, मग रस्ता, आणि ट्रेलर उभा करायला जागा शेवटपर्यंत झालीच नाही. इकडे अजून मोकळी जमीन आहे. नव्या गोदामाला परवानगी देताना आवारात किती ट्रेलर उभे राहतील, चालकासाठी पाणी, स्वच्छतागृह आणि पाठ टेकायला जागा आहे का, फाटकावर वेळेची नोंद होते का, हे तीन रकाने अर्जात घालणे नियोजन यंत्रणांच्या हातात आहे. गुरुपौर्णिमेला वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या अरुंद रस्त्यावर भाविकांच्या गाड्यांचीच रांग लागते. त्या रांगेत चाळीस फुटी ट्रेलरही उभे राहायला लागण्याआधी हे अर्ज छापले गेले पाहिजेत.